पुलाखालचा खड्डा

"मॅडम, एकदा मोजलंय ना तुम्ही? मग दर पंधरवड्याला परत काय मोजायचं? नदीचा तळ काय पळून जातोय?"

हा प्रश्न मला कुणा शाळकरी पोराने विचारलेला नाही. नवी मुंबईत एक मोठा पूल बांधणाऱ्या कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरने विचारला, तोही एसी लावलेल्या कंटेनरमधल्या साइट ऑफिसात बसून, डोक्यावर पांढरं हेल्मेट घालून. कंटेनरच्या आत त्यांच्या डोक्यावर काय पडणार होतं, देव जाणे. मी म्हणाले, "हो, पळून जातो. म्हणून तर मला बोलावलंय." त्यावर साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मी सर्वेक्षक आहे. जमिनीवरची नाही, पाण्याखालची. नातेवाइकांना इतकी वर्षं झाली तरी वाटतं की मी पाणबुड्यांसारखी बुड्या मारते. वाशीच्या आमच्या सोसायटीत एका काकांनी तर मला टाकीतली गळती शोधायला बोलावलं होतं. त्यांच्यावर मी चिडले नाही. ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना ते कळू नये, यात काही गैर नाही. माझा राग आहे तो ज्यांचा पूर्ण संबंध आहे त्यांच्यावर.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगून टाकते. होडीच्या कडेला एक यंत्र बांधायचं. ते खाली आवाज सोडतं. आवाज तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. होडी या काठावरून त्या काठाला ठरलेल्या सरळ रेषेत न्यायची, मग शेजारच्या रेषेने परत आणायची, शेत नांगरल्यासारखी. खाडीचं पाणी भरती-ओहोटीने वरखाली होतं, म्हणून काठावर रोवलेल्या पट्टीवर त्या क्षणी पाणी कुठे होतं तेही टिपायचं आणि हिशेबात धरायचं. पंधरा दिवसांनी त्याच रेषांवरून पुन्हा जायचं. मागच्या वेळचा तळ आणि आजचा तळ यांत जो फरक दिसेल, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

हे पुलाच्या वेळी का करायचं? कारण पूल बांधताना नदीला फार त्रास दिला जातो. ट्रक आणि क्रेन आत न्यायला काठापासून नदीत मुरूम-दगडांचा भराव टाकतात. निम्मी नदी बुजते. पाणी मात्र कमी होत नाही, ते उरलेल्या निम्म्यातून जातं. ऐसपैस चालणारं पाणी अंग चोरून धावायला लागतं आणि धावता धावता तळ उकरतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला तरी हे कळतं. पण आमच्या पुलावर सगळ्यांचे अंगठे मोबाईलमध्ये गुंतलेले होते.

पुलाचं नाव सांगत नाही. नावड्याच्या पलीकडे, नदी खाडीला मिळते त्या बाजूला होता, एवढं पुरे. मॅनेजरना आपण निंबाळकर म्हणू.

होडी हिराजीची होती. जवळच्याच खाडीकाठच्या गावातला. शेती सरकारने घेतली, बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर त्याने चाळीसारखी तीन मजली इमारत उठवली आणि तळोज्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या. त्याला होडी चालवायची काही गरज नव्हती. घरी बसलं की बायको काम सांगते म्हणून तो येत असे.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "मॅडम, तुमचे मशिनची गरजच नाय. या खाडीचा तल मना तोंडपाठ हाय. डोले झाकून नेतो."

शहरातून आलेल्या लोकांना असलं काही ऐकलं की गहिवरून येतं. मीही त्या दिवशी त्याचं ऐकलं, आणि पाऊण तासात आमची होडी चिखलात रुतून बसली. ओहोटी लागलेली. पाणी परत येईपर्यंत आम्ही उन्हात बसून होतो.

"यो चिखल हितं नवता," हिराजी म्हणाला.

"कधी नव्हता?"

त्याने बराच विचार केला. "माजे लगनाचे वेलेला नवता."

त्या दिवसापासून तो स्क्रीनवरच्या रेषेवरून होडी न्यायला लागला, आणि खरं सांगायचं तर इतकी सरळ होडी मी दुसऱ्या कुणाला चालवताना पाहिली नाही.

नदीच्या मोकळ्या राहिलेल्या भागात एक लोखंडी मनोरा उभा केला होता. तात्पुरता. पुलाचा एक लांबलचक तुकडा, म्हणजे गर्डर, कायमच्या खांबांवर नीट जोडला जाईपर्यंत मध्ये या मनोऱ्यावर टेकवायचा होता. मनोऱ्याचे चार पाय, आणि प्रत्येक पायाखाली चिखलात खोल ठोकलेल्या लोखंडी नळ्या. त्या नळ्यांना धरून ठेवतो तो भोवतीचा गाळ. हिरडी दाताला धरून ठेवते तसा.

भराव टाकल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत मनोऱ्याजवळचा तळ थोडासा खचलेला दिसला. तेवढं होतंच. पुढच्या फेरीला खाडीच्या बाजूच्या एका पायाशी खड्डा दिसला. त्याच्या पुढच्या फेरीला तो खड्डा एका माणसाला उभं गिळेल एवढा झाला होता. भरावाखालून पाणी जावं म्हणून मोठे पाइप घातले होते, ते पाहिले तर प्लास्टिक आणि गाळाने गच्च भरलेले. म्हणजे सगळी नदी आता त्या मनोऱ्याच्या पायाशीच येऊन घुसळत होती.

मी रिपोर्ट घेऊन कंटेनरमध्ये गेले. निंबाळकरांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"बाकी तळ तर ठीक आहे."

"बाकी तळावर मनोरा उभा नाही, सर."

"ॲव्हरेज घ्या ना. ॲव्हरेज किती येतंय?"

मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही बसलाय त्या खुर्चीचा एक पाय अर्धा कापला, तर चारही पायांची सरासरी फारशी कमी होत नाही. कापू का?"

हे ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी मला समजावलं की गर्डर चढवण्याचा दिवस ठरलेला आहे, त्या दिवशी मोठे पाहुणे येणार आहेत, भरावावर मंडप घातला जाणार आहे, बातमीवाल्यांना कळवलेलं आहे. खड्ड्याला हे कुणी कळवलं होतं का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. शेवटी ते म्हणाले, "तुमचं मशिन जुनं झालंय, मॅडम. आपण सेकंड ओपिनियन घेऊ."

सेकंड ओपिनियन द्यायला आला चेतन.

चेतन माझ्याकडे काही वर्षं होता. मीच त्याला हे काम शिकवलं. हाताला चांगला, पाण्याला न घाबरणारा, फक्त घाई फार. पुढे त्याने स्वतःचं ऑफिस काढलं, काचेचं दार, दारावर सोनेरी अक्षरं, आणि एक महागडं यंत्र घेतलं. माझं यंत्र होडीखालची एक रेघ मोजतं. त्याचं एका वेळी अख्खा पट्टा मोजतं आणि रंगीत नकाशा काढून देतं. खोल तिथे निळा, उथळ तिथे पिवळा. मला त्या यंत्राचा हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांत त्याचा नकाशा कंटेनरच्या भिंतीवर लागला. मनोऱ्याभोवती सगळीकडे हिरवंगार, गुळगुळीत. गोल्फचं मैदान असावं तसं.

"याला म्हणतात सर्व्हे," निंबाळकर म्हणाले. "एकही खड्डा नाही."

मी नकाशाजवळ जाऊन बराच वेळ उभी राहिले. एखाद्या नदीचा तळ इतका शहाण्यासारखा वागत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मनोऱ्याच्या आसपास एका ठरावीक आकड्याच्या खाली एकसुद्धा खोली नव्हती. सगळा तळ तिथे येऊन थांबत होता, जणू खाली कुणी फळी टाकली होती.

बाहेर येऊन मी चेतनला फोन लावला. तो उचलायला त्याने वेळ घेतला.

"चेतन, मशिनला खालची मर्यादा किती दिली होतीस?"

पाण्यात खोटे आवाज पुष्कळ येतात. लोखंडावरून, बुडबुड्यांवरून, माशांवरूनही. म्हणून यंत्राला सांगून ठेवता येतं की अमुक खोलीच्या खालून काही ऐकू आलं तर ते खोटं समज आणि टाकून दे. सोय चांगली आहे. फक्त खोली आधी माहीत असावी लागते, आणि ती माहीत असती तर आपल्याला बोलावलं कशाला असतं?

"ड्रॉइंगमधली खोली धरली, वर थोडी सूट," तो म्हणाला.

"कुठल्या ड्रॉइंगमधली?"

"टेंडरच्या वेळच्या," तो म्हणाला. ते ड्रॉइंग भराव टाकण्याच्या कितीतरी आधीचं होतं. त्याने यंत्राला आधीच सांगून ठेवलं होतं की ही नदी याहून खोल असूच शकत नाही, आणि यंत्राने ते मुकाट्याने ऐकलं होतं.

"मॅडम, डेटा खूप घाण होता तिथे. लोखंडाजवळ होतोच. तुम्हीच शिकवलंय ना?"

"मी हेही शिकवलंय की शंका आली तर दोरी टाक."

"आता दोरी कोण टाकतं, मॅडम?"

"उद्या सकाळी ओहोटीला तू टाकणार आहेस. हिराजीची होडी आहे. ये."

मला वाटलं होतं तो येणार नाही. तो आला. पांढरेशुभ्र बूट घालून आला आणि धक्क्यावरून होडीपर्यंतच्या चिखलात ते बूट गेले. हिराजी त्या बुटांकडे बघत म्हणाला, "लगनाला निघालाव काय?"

ओहोटीचा जोर होता. मनोऱ्याच्या पायांशी पाणी अक्षरशः उकळत होतं, गोल गोल भोवरे काढत. वर मनोऱ्यावर माणसं काम करत होती. वेल्डिंगच्या ठिणग्या खाली पाण्यात पडून विझत होत्या. हिराजीने इंजिन चालू ठेवून होडी प्रवाहाविरुद्ध धरली. मी चेतनच्या हातात दोरी दिली. टोकाला शिशाचं वजन, आणि दर मीटरला बांधलेली रंगीत चिंधी. आमच्या आधीचे लोक हेच वापरायचे. मी अजून बॅगेत ठेवते, लोक हसतात.

त्याने वजन सोडलं. दोरी त्याच्या बोटांतून जायला लागली. लाल चिंधी गेली, पिवळी गेली, परत लाल. त्याच्या नकाशातला तळ मागे पडला. दोरी जातच होती.

"लागलं?" मी विचारलं.

"नाही." मग थोड्या वेळाने, "नाही, मॅडम, अजून जातेय."

शेवटी दोरी सैल पडली. चेतनने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "प्रवाहामुळे दोरी तिरकी गेली असणार. रीडिंग जास्त येतं त्याने."

हा आक्षेप अगदी बरोबर होता, आणि त्या सगळ्या आठवड्यात कुणीतरी माझ्याशी अकलेचं बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. आम्ही दुसरं, जड वजन बांधलं. हिराजीने होडी थोडी वर नेऊन प्रवाहाबरोबर सोडली, म्हणजे दोरी सरळ राहील. चेतनने परत टाकली. मग परत एकदा, मनोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला. आकडा थोडासा कमी झाला, पण खड्डा तिथेच होता. माझ्या रिपोर्टमधल्यापेक्षा मोठा झालेला.

चेतन दोरी गुंडाळायचं विसरून वर बघत राहिला. वरून एक वेल्डर खाली वाकून ओरडला, "क्या मछली मिली क्या?" आणि त्याचे सोबती हसले.

"वर किती माणसं असतात?" चेतनने हिराजीला विचारलं.

"मोजाचा काम तुमचा," हिराजी म्हणाला. "आमी होडी चालवतो."

धक्क्यावर उतरताना मी त्याला म्हटलं, "रिपोर्ट मागे घे." तो म्हणाला, "रिपोर्ट गेलाय, मॅडम. या कंपनीची अजून तीन कामं माझ्याकडे यायची आहेत." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार? माझा रिपोर्ट मी वेळेवर, नियमाप्रमाणे, सही करून दिला होता आणि त्यामुळे मनोऱ्यावरून एकही माणूस खाली उतरला नव्हता. कुठल्या तोंडाने त्याला शिकवू?

दुसऱ्या दिवशी कंटेनरमध्ये शेवटची मीटिंग होती. गर्डर चढायला एक दिवस राहिलेला. पंचवीसएक माणसं, समोसे, चहा. अर्धा वेळ मंडप कुठल्या रंगाचा आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर गेला. मग निंबाळकर म्हणाले, "तळाचा विषय क्लोज झालेला आहे. चेतनचा रिपोर्ट आहे आपल्याकडे."

"सर, माझा रिपोर्ट चुकीचा आहे," चेतन म्हणाला.

निंबाळकरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू भिंतीवरचा नकाशाच बोलला.

"म्हणजे?"

"मशिनची मर्यादा मी चुकीची ठेवली होती. खड्डा आहे. काल मी स्वतः मोजला. सावंत मॅडमचा रिपोर्ट बरोबर आहे."

"चेतन, सही केलेला रिपोर्ट असा तोंडी मागे घेता येत नाही. आणि तुला पुढे आमच्याबरोबर काम करायचंय ना? नीट विचार करून बोल."

"तोंडी नाही घेतला, सर. आत्ताच सगळ्यांना मेल केलाय. तुम्हाला, डिझाइनवाल्यांना, सेफ्टीला, सरकारी साहेबांना."

त्याच क्षणी निंबाळकरांच्या खिशात फोन वाजला. मग शेजारच्याच्या, मग टेबलाच्या त्या टोकाला. टिंग, टिंग, टिंग. हातातले समोसे हातातच राहिले. इतके आठवडे त्या मनोऱ्यावर माणसं चढत-उतरत होती, त्यांची कुणाला भीती वाटली नव्हती. मेलची मात्र वाटली. उद्या काही झालं तर "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय त्या पोराने सगळ्यांची एकदम काढून घेतली होती. पाच मिनिटांपूर्वी विषय क्लोज करणारे आता एकमेकांच्या आधी बोलायला धावले. "मी आधीच म्हणत होतो," असं तिघे म्हणाले. तिघेही खोटं बोलत होते.

गर्डर थांबला. मनोऱ्यावरची माणसं त्याच दिवशी उतरवली. मंडप निघाला. पाहुण्यांना तांत्रिक कारण सांगितलं गेलं. मग पाणबुडे उतरवले, त्यांनी वर येऊन सांगितलं की एका पायाच्या नळ्या जवळजवळ उघड्या पडल्यात, हाताने चाचपता येतात. भरावाचा एक भाग तोडून पाण्याला वाट दिली, खड्ड्यात दगड भरले, नवीन नळ्या आणखी खोल ठोकल्या. मी प्रत्येक टप्प्याला मोजत होते. या वेळी मोजण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

पुढे गर्डर चढला. मनोरा हलला नाही. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

चेतनची ती तीन कामं गेली, आणि बाकीच्या कंपन्यांतही बातमी पसरली. "तो पोरगा ऐनवेळी फिरतो," असं म्हणायचे. चूक केली म्हणून त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. चूक कबूल केली म्हणून ठेवली. काचेच्या दाराचं ऑफिस त्याने सोडलं. यंत्र विकलं. मी त्याला माझ्याकडे परत ये म्हटलं, तो नको म्हणाला. त्याला माझ्यासमोर रोज उभं राहायचं नव्हतं, आणि ते मला समजलं.

पूल झाल्यावर भराव काढला. नदी परत आपल्या रुंदीत पसरली, पाण्याचा वेग उतरला, आणि हळूहळू गाळ बसत बसत दगडांसकट तो खड्डा भरून गेला. शेवटची मोजणी मीच केली. तळ सपाट. नकाशा घेऊन कंटेनरमध्ये गेले तेव्हा निंबाळकर सामान आवरत होते. त्यांची बढती झाली होती.

नकाशा बघून ते खूश झाले. "बघा मॅडम, सपाटच आहे! उगाच टेन्शन दिलंत तुम्ही दोघांनी. महिना फुकट गेला आमचा."

आमच्या धंद्यात पुरावासुद्धा नदीच गिळून टाकते. खड्डा होता हे दाखवायला आता खड्डा नव्हता, आणि मनोरा पडला असता हे दाखवायला मनोरा पडलेला नव्हता. या माणसाला पटायला काय लागलं असतं ते मला ठाऊक होतं, आणि तेवढी किंमत मोजून त्याला शहाणं करायची माझी इच्छा नव्हती. मी म्हटलं, "अभिनंदन, सर," आणि बाहेर पडले.

उद्घाटनाचं बोलावणं मला आलं नाही. हिराजीला आलं, कारण तो गावातला मोठा माणूस. तिथे भाषणात निंबाळकरांनी नदीचे आभार मानले म्हणे, तिने सहकार्य केलं म्हणून. हे सांगताना हिराजी इतका हसला की त्याला खोकला आला.

चेतन आता कोकणात, एका छोट्या खाडीवरच्या पुलाच्या कामावर नोकरी करतो. फोन क्वचित करतो. मागच्या महिन्यात भरदुपारी त्याचा फोन आला. मागे इंजिनाची फटफट आणि वारा.

"मॅडम, इथे तळ एकदम सपाट येतोय. इंजिनिअर म्हणतोय, झालं, पॅक अप करा."

"मग?"

"दोरी टाकली. दोरीलाही सपाटच आलाय. तरी मला काही पटत नाहीये."

"मग मला फोन काय करतोस?" मी म्हटलं. "ओहोटी चालू आहे ना? जा, परत मोज."